काळी चारवरची टिकली

आषाढात तापसर्दी झाली आणि मी ती अंगावर काढून भजनाला बसत राहिले, एवढंच काय ते. आमच्या पेडण्याच्या देवळात बायकांच्या भजनात पंचवीस वर्षं गजर मीच उचलते. सप्ताह महिन्यावर आला होता, आणि त्या रविवारी सगळ्यांदेखत वरचा सा आलाच नाही. आवाज चिरला, मग नुसती हवा. बायका टाळ वाजवत राहिल्या, मी चटईकडे बघत राहिले.

मला लगेच कळलं. म्हणजे तेव्हा वाटलं, कळलं म्हणून. पेटी वाजवते ती शेजारची सून, बेळगावकडची, तुये गावच्या कारखान्यात जाते. गळाही बरा आहे तिचा. मी काळी चारमध्ये, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गाते हे सगळ्या वाड्याला ठाऊक. हिनेच गुपचूप पट्टी वर सरकवली असणार, सप्ताहाला माझ्या जागी बसायला! स्वर ओळखायला मी कुठे शिकलेय? म्हणून पेटी पुसायच्या निमित्ताने कपाळावरची टिकली काढली आणि काळी चारवर चिकटवली. आता बघतेच, म्हटलं.

पुढच्या रविवारी तिचं बोट बरोबर टिकलीवर. आणि माझा सा नाही तो नाहीच.

मग राहिली माझी धाकटी जाऊ. भजनाआधी ती काचेच्या कोपातून, पेल्यातून, मिऱ्याचं गरम पाणी देते. "वैनी, घोटभर घे गे, गळो सुटतलो." एवढं प्रेम एकदम कुठून? तो कोप मी जनेलातून बाहेर, खिडकीखालच्या अबोलीच्या मुळात ओतला. चार दिवस अबोलीवर नजर ठेवली. मेली नाही, उलट फुलली. मिठामिरच्यांनी दृष्टही काढून झाली. आवाजाला आराम म्हणून घरात सगळ्यांशी कुजबुजत होते, आणि न्हाणीत जाऊन दिवसातून वीसदा वरचा सा तपासत होते.

शेवटी म्हापशाला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कॅमेऱ्याची नळी घालून पाहिलं.

"गाठ नाही, सूज आहे. कुजबुजता का?"

"आराम देते आवाजाला."

"त्याने ताण वाढतो. आणि वरचा सूर तपासून बघता?"

मी पर्सची चेन उघडझाक करत बसले.

"जखम बरी झाली का म्हणून सारखी दाबून बघता का, आजी? पंधरा दिवस तोंड बंद. वाफ घ्या, पाणी प्या, खाकरायचं नाही."

"सा परत येईल?"

"येईल. नाहीतर वयामुळे थोडा खाली राहील."

पंधरा दिवस मी गप्प. जाऊ म्हणाली, "घर कसां थंड जालां!" मी पाटीवर लिहिलं, 'ऐकतेय मी.'

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी परत देवळात गेले तर टिकली काळी चारवर नव्हती. काळी दोनवर होती.

"काकी, एवढी मोठी टिकली वाड्यात दुसरं कोण लावतंय?" पेटीवाली मान वर न करता म्हणाली. "पहिल्याच दिवशी बघितली मी. आज इथनं म्हणू या?"

"एवढ्या खाली तुझा गळा जाईल?" मी विचारलं. संशय काही लगेच जात नाही.

"नाही जात. म्हणून तर तुम्ही म्हणायचं."

मी गजर उचलला. सा आला. खरखरीत, पण आला. जावेने कोप पुढे केला. मी आधी वास घेतला, मग प्याले.