म्हातारीचं ‘बुरा’

“आये, दोनच म्हैनं म्हनतीया मी! बाळंतीण मी हितं, आन् तू तिकडं मेंढ्या राखत बसनार?” रियेका शहरातनं लिव्हिया फोनवर तडकली होती.

“मेंढ्यांचं काय न्हाई गं, मेंढ्या शेजारी बघतील,” फुमा म्हणाली. “तुझ्या आज्जीला कुनाच्या गळ्यात बांधू?”

फुमाची सासू तोना. पक्षाघातातनं उठली तेव्हा जिभेवरचं क्रोएशियन पार पुसून गेलेलं. राहिली ती फक्त आमच्या झेयाने गावची बोली. ती बोलणारे गावात उरलोय बोटांवर मोजण्याइतके, आणि आम्हालाच उठायला दुसऱ्याचा हात लागतो. म्हातारीला उचलायला कोण येणार?

मागच्या महिन्यात फुमानं तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि लेकीकडं जायची पिशवी भरली. वृद्धाश्रमात पहिल्याच जेवणाला सूप मिळालं. म्हातारीला आवडलं.

“बुरा! बुरा!”

आमच्यात बुरा म्हणजे झकास. नर्सच्या क्रोएशियनमध्ये बुरा म्हणजे डोंगरावरनं सुटणारा, हाडं फोडणारा वारा. तिनं खिडकी लावली, वर कांबळं टाकलं. जेवण रोजच चांगलं. म्हातारी रोज बुरा म्हणायची, रोज एक कांबळं वाढायचं. उकडतंय म्हणून ओरडली, ते कुणाला कळलंच नाही. शेवटी घामानं निथळून बेशुद्ध पडली, तेव्हा फुमाला बोलावणं आलं.

फुमानं कांबळ्यांचा ढीग उपसला, पाणी पाजलं. म्हातारीनं डोळे उघडले.

“पोरी, येडी हायत गं ही मानसं. सूप चांगलं म्हनलं की वर कांबळं घालत्यात!”

फुमा खो खो हसली. मग नर्सला तो शब्द समजावून सांगितला.

“हा कळला, मावशी,” नर्स म्हणाली. “बाकीचे?”

फुमा म्हातारीला घेऊन घरी आली. भरलेली पिशवी अजून दाराशीच आहे. जाता-येता फुमा ती पायानं सरकवते.

“मग? येत न्हाईस ना?” फोनवर लिव्हियाचा आवाज आता बारीक झाला होता.

“तूच हिकडं ये की बाळाला घिऊन.”

“आये, त्या थंडीत?”

आतनं चमचा आपटला. “बुरा!”

“आज्जी काय म्हनतीया?”

“सूप झकास झालंय म्हनं. आजून पायजे,” फुमा म्हणाली आणि फोन ठेवला. म्हातारीच्या ताटलीत पळीभर ओतलं, पिशवी पायानं बाजूला केली, आणि बादली घेऊन मेंढ्यांच्या धारा काढायला गोठ्यात गेली.