बंद पेटीचा नकाशा

सोलापुरात बोलपट आले तेव्हा मी एका थिएटरात ऑपरेटर होतो. पडद्यामागच्या कर्ण्याला आवाज पुरवणारी काळी लोखंडी पेटी, म्हणजे अॅम्प्लिफायर, माझ्याच खोलीत होती. झाकणाला कंपनीचं सील होतं. पेटी बिघडली की मुंबईला तार करायची आणि इंजिनिअरसाहेब येईपर्यंत खेळ बंद, असा करार.

वैशाखात पत्र्याखालची ती खोली भट्टी व्हायची. पेटीतल्या वीज साठवणाऱ्या कंडेन्सरांचं मेण वितळायचं आणि नायिका बोलायला लागली की नुसती घरघर ऐकू यायची. एकाच महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं. लोकांनी शिव्या मला दिल्या. मुंबईहून उलट तार आली : आठ दिवस येता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सील तोडलं. मालकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

आत तारांचं जंजाळ होतं आणि सगळ्या तारा काळ्या. वीज तोडली होती, तरी एक कंडेन्सर भरलेला राहिला होता. त्यानं मला भिंतीवर फेकलं. हात दुपारपर्यंत बधिर होता.

बायको डबा घेऊन आली. आम्ही विणकर, घरी माग. तिनं पेटीत डोकावलं आणि तेलुगूत म्हणाली, "ताणा तुटला तर आपण अंदाजानं जोडतो का? एकेक धागा धरून मागं जातो की."

ती घरून रंगीत सुताचे तुकडे घेऊन आली. एका तारेच्या दोन्ही टोकांना एकच रंग बांधायचा. "हिरवा इथून निघाला, तिकडच्या काचेच्या व्हॉल्व्हच्या पायाशी गेला," असं ती सांगायची आणि मी खेळाच्या जाहिरातीच्या कोऱ्या पाठीवर रेघ ओढायचो. असल्या नकाशातल्या खुणा मी एका फाटक्या विलायती मासिकातून शिकलो होतो. पाच दिवसांत सबंध पेटी कागदावर उतरली आणि खोड दिसली. तापणारा ट्रान्स्फॉर्मर कंडेन्सरांना खेटून बसवला होता. ज्यानं तो बसवला त्यानं आमचं ऊन पाहिलं नव्हतं. मग मी दुसरा नकाशा काढला. त्यात ट्रान्स्फॉर्मर वेगळ्या पेटीत, खाली जमिनीवर.

इंजिनिअरसाहेब आले आणि त्यांची नजर थेट कागदांवरच गेली. "कुणी काढलं हे?"

"मी."

"कुठं शिकलास?"

"हितंच."

"ही कंपनीची मालमत्ता आहे. दे इकडं."

"पेटी तुमची हाय साहेब. रेघा माझ्या हायत."

मालक घाबरले. "फाडून टाक रे बाबा. यंत्र काढून नेलं तर थिएटरला कुलूप लागंल."

त्यांची अडचण मला कळत होती. तरी कागदांची घडी करून मी ती सदऱ्याच्या आत घातली. "मालक, दुसरा ऑपरेटर बघा."

"उपाशी मरशील," साहेब म्हणाले.

"मेलो तरी तुमच्या दारात न्हाय येणार."

पुढं वर्षभर मी मागावर बसलो. मधल्या वेळेत मोडक्या रेडिओतले भाग जमवले आणि माझ्या नकाशाप्रमाणे दोन पेट्यांचा अॅम्प्लिफायर बांधला. तंबूत सिनेमे दाखवणाऱ्या एका फिरत्या तंबूवाल्यानं तो मंद्रूपच्या बाजाराला न्यायचं ठरवलं. त्याची एकच अट होती : पेटीवर एखाद्या विलायती कंपनीचं नाव रंगवायचं. "लोकांचा इस्वास बसतो," तो म्हणाला.

"मग पेटी न्हाय मिळणार."

त्यानं बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी पेटी कोरीच गेली. तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत बोलणं स्वच्छ पोचलं, लोक हसायच्या जागी हसले. मागं थोडी घरघर होती. इतर कुणी तक्रार केली नाही, पण मला ती ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी झाकण उघडलं, ट्रान्स्फॉर्मरची घरघर ओढून घेणारी एक तार त्याच्यापासून वीतभर लांब नेली, आणि तेवढी रेघ नकाशात खोडून नवी काढली.