गुळाला लावलेलं कुलूप

"बाई, तुम्हाला डायबेटिस झालाय. घरी गोड चालूच दिसतंय," डॉक्टर रिपोर्टवरून मान न उचलता म्हणाले.

डायबेटिस म्हणजे मधुमेह. मी तर वर्ध्याला लिव्हरसाठी येत होते. हेपटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिच्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या होत्या. साखर उतरली नाही तर हा उपचारही थांबवू, असं ते म्हणाले.

मी शपथेवर सांगितलं, गोडाला हात लावत नाही. शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "साहेब, आपलं किराणा दुकान हाय. चोरून गूळ खात असन हे."

इतक्या वर्षांचा संसार, आणि परक्यासमोर मला चोर ठरवून हा मोकळा! गावी, रोहण्याला परतल्यावर त्यानं गुळाला कुलूप लावलं. मी भात सोडला, भाकर निम्मी केली. तहान काही भागेना. औषधांनी तोंडाची चव गेलेली, सगळं पितळ चाटल्यासारखं लागे.

साखर उतरेचना, शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं. सासूबाई रोज थर्मासमधून लिंबूपाणी आणायच्या, घरीही त्याच करून द्यायच्या. एकदा बाजूच्या खाटेवरच्या बाईनं घोटभर मागितलं.

"अवो माय, हे तं निरा गोड शरबत हाय!"

सासूबाई रडायलाच लागल्या. "म्याच ग्लुकोज टाकत होती. कावीळवाल्याले गोडच देतेत ना वो! या लोकायनं सारं गोड बंद केलं, तू मरशीन असं भेव वाटे मले."

ग्लुकोज बंद झालं. साखर उतरली, पण पूर्ण नाही. तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "इंटरफेरॉननंही कधीकधी साखर वाढते."

मग हे आधी का नाही सांगितलं? मी विचारलं. ते पुढच्या खाटेकडे वळले.

इन्सुलिन सुरू झालं, म्हणून इंजेक्शनं पूर्ण करता आली. विषाणू गेला, पुढे हळूहळू इन्सुलिनही सुटलं. सगळ्यांचं सुटतंच असं नाही. म्हणून इंटरफेरॉन घेणार असाल तर आधी साखर तपासा, मधूनमधून तपासत राहा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला डॉक्टरसमोर नेऊन बसवा.

सासूबाईंनी मला फसवलं, पण भरल्या वॉर्डात कबूल केलं. त्यांच्यावर माझा राग नाही. नवरा आजही म्हणतो, "बरी झाली ना? मंग आता काय राह्यलं?"

तू खरं बोलत होतीस, एवढं त्यानं एकदा म्हणायचं राहिलंय.