रोट खाल्लेला भाऊबंद

आमच्या यशोदाअक्काला राजकारण कळत नव्हतं असं आता गावात जो तो म्हणतो. म्हणू द्या. ज्यांना कळतं त्यांनी काय दिवे लावले ते मी रोज दोंडाईच्याच्या बाजार समितीत बघतो. मी तिथे मापाडी आहे, आणि नात्यानं अक्काचा पुतण्या.

अक्का म्हणजे भाऊबंदकीतली वडीलधारी. नवरा तरणाताठा असताना गेला, मुलगा स्वप्नील सुरतेला लूमवर लागला, आणि नदीकाठचं शेत हिनं एकटीनं कसलं. गहू तिचा, कापूस तिचा आणि जीभही तिचीच. मत मागायला कुणीही आला, की ती त्याला ओट्यावर बसवायची, पाणी द्यायची आणि एकच विचारायची, "बाकी बठ्ठं ऱ्हाऊ दे भाऊ. तू कोनती बाजूले उभा शे, ते सांग."

पुढाऱ्याला गटार विचारा, मंदिराचा सभामंडप विचारा, तो खूश असतो. ही बाई विचारायची दिल्लीचं. बाहेरच्या देशातून कापूस आणायचा की नाही? विजेचं खातं खासगी माणसाच्या हातात द्यायचं की नाही? आणि आम्हाला न विचारता आमची जमीन घ्यायची की नाही? शेतात रेडिओ आणि घरी स्वप्नीलनं घेऊन दिलेला मोबाईल, एवढ्यावर तिचं हे ज्ञान चालायचं. पुष्कळदा अर्धंमुर्धं असायचं. पण प्रश्न सरळ असायचा, आणि सरळ प्रश्नाइतकी पुढाऱ्याला दुसऱ्या कशाचीच धास्ती नसते.

आमचे खासदार कुंदनभाऊ. माणूस गोड, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. देशापुढच्या मोठ्या प्रश्नांवर आपली भूमिका काय, याची त्यांनी एक गुळगुळीत पुस्तिकाच छापली होती. मी ती वाचली आहे. कापसाच्या आयातीवर, 'शेतकऱ्याच्या हिताला धक्का लागू देणार नाही.' विजेवर, 'सर्वसामान्यांच्या हिताला धक्का लागू देणार नाही.' जमिनीवर, 'विकास आणि हित यांचा मेळ घालू.' अख्ख्या पुस्तिकेत भाऊ कुठे उभे आहेत ते काही सापडेना. फोटोत मात्र पानोपानी उभे होते.

त्या वर्षी आमच्या शिवारात मोजणीवाले आले. रेल्वेलाईन जवळ म्हणून मालगोदामांचं मोठं केंद्र व्हायचं होतं आणि त्यात नदीकाठची पट्टी जायची होती. अक्काचं शेत अगदी मधोमध. गावानं ठराव करून ठणकावलं, आमची संमती नाही. तेव्हा कायद्यात गावाच्या संमतीचं कलम होतं, आणि ते काढून टाकायची खटपट दिल्लीत चालू होती. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते आमचे खासदार कोणत्या बाजूनं हात वर करतात यावर. अक्काचं शेत राहणार की जाणार, ते त्या हातावर होतं.

भाऊ गावात आले ते नेमके कानबाईच्या रविवारी. नागपंचमीनंतरचा हा रविवार आमच्याकडे केवढा असतो ते खान्देशी माणसाला सांगायला नको. अक्काच्या घरी कानबाई बसायची, चौरंगावर नारळ, त्याला नथ, नवं लुगडं, आणि रात्रभर बायांची गाणी. भाऊबंदकीच्या नावानं मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट बाहेरच्या माणसाला देत नाहीत. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, जावई असो, त्याला दुसरं ताट. रोट खाणारा तो भाऊबंद, त्याचं सुतक आपल्याला आणि आपलं त्याला.

भाऊ गाडीतून उतरले, कानबाईला हात जोडले आणि पंगतीकडे बघून म्हणाले, "अक्का, आज तुमच्या हातचं खाल्ल्याशिवाय जाणार नाही."

अक्कानं आधी प्रश्न विचारला. "आमले न इचारता आमनी जमीन लेवानी का नही?"

"मी शेतकऱ्याच्या बाजूला आहे."

"शेतकरीनी बाजू माले माहीत शे. तुन्ही सांग."

भाऊंनी इकडे तिकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर तळ्यात-मळ्यात करायची सोय नव्हती. मग छातीला हात लावून म्हणाले, "संमती नसेल तर एक ढेकूळ उचलू देणार नाही. दिल्लीत तसाच हात वर करीन. कानबाईसमोर सांगतो."

तेव्हा अक्कानं जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. तिनं रोट उचलला आणि भाऊंच्या ताटात ठेवला. "हाऊ रोट भाऊबंदनाच शे. खादा म्हंजे तू आमना व्हयना. मंग पाठ दाखाडता येवाव नही."

म्हातारे छगनआबा चुळबुळले. त्यांना ते रुचलं नव्हतं, पण अक्कापुढे बोलणार कोण! भाऊंनी रोट खिरीत कुस्करून खाल्ला, आणखी मागून घेतला. फोटो निघाले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, शेत वाचलं. तिनं आयुष्यात एवढा मोठा सौदा केला नव्हता, आणि ज्या तराजूत केला तो तिच्या लेखी देवाचा होता. समोरच्याच्या लेखी ते नुसतं जेवण होतं.

पुढे सरकारनं जमीन घेण्यावर लेखी हरकती मागवल्या. भाऊंचा निरोप आला, हरकती टाकून उगीच वातावरण तापवू नका, मी बसलोय ना. आमच्यातले दोघं-तिघं तरीही लिहून न्यायला निघाले होते. अक्कानं त्यांना ओट्यावरूनच परत फिरवलं. "घरना मानूसवर कोन हरकत लेस? त्यानी रोट खाएल शे." माझा तेव्हा तिच्याशी कडाक्याचा वाद झाला. अक्का, तो खासदार आहे, भाऊबंद नाही, असं मी ओरडून सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाला शिवी दिली असावी. मुदत टळली. गावाची एकही हरकत गेली नाही, ठराव धूळ खात पडला, आणि वरच्या कागदांत आमचं गाव शहाणं, समजूतदार, विकासाला अनुकूल ठरलं.

हिवाळ्यात दिल्लीत मत पडलं. स्वप्नीलनं सुरतेहून व्हिडिओ पाठवला. भाऊ कलम काढण्याच्या बाजूनं उभे होते. नुसते उभे नव्हते, भाषण केलं होतं! देश पुढे जायचा तर मूठभरांच्या हट्टापायी थांबून चालणार नाही, असं म्हणाले. त्या मुठीत अक्काही होती. तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. ती उठली आणि गव्हाला पाणी द्यायला गेली. तो गहू तिचा शेवटचा.

उन्हाळ्यात शेताभोवती तारेचं कुंपण उभं राहिलं. फाटक बसलं, पहारेकरी आला. बांधावरचं निंबाचं झाड पाडलं तेव्हा अक्का आडवी गेली, तर पोलिसांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. हे लिहिताना अजूनही माझ्या अंगाची आग होते. तिच्या दंडाला धरायची छाती तिच्या सख्ख्या दिराला कधी झाली नव्हती.

पुन्हा श्रावण आला. कानबाईच्या रविवारी भाऊंची गाडी परत अक्काच्या दारात. जिल्हा परिषदेला त्यांना स्वतःचा पुतण्या उभा करायचा होता. लाज नावाची वस्तू बाजारात मिळत नाही, नाहीतर मी उधारीवर घेऊन पाठवली असती. अंगण सारवलेलं नव्हतं. चौरंग नाही, गाणी नाहीत. अक्का उंबऱ्यात बसली होती.

"अक्का, हे काय? कानबाई नाही बसवली?"

"आमना घर सुतक शे. भाऊबंद गया."

भाऊंनी चटकन चेहरा पाडला. सवय असते. "अरेरे! कोण गेलं? मला कुणी कळवलं नाही."

"तू गया," अक्का म्हणाली. "दिल्लीमा गया. मी मन्हा डोयासघाई देखं."

क्षणभर मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. भाऊ हसले. "अक्का फार विनोदी," असं बरोबरच्यांना म्हणाले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला अमृतकडे गेले. अमृत अक्काच्या दिराचा मुलगा. गोदामावर मजूर पुरवायचं काम त्याला मिळणार होतं. त्यानं नवा नारळ आणून स्वतःच्या घरी कानबाई बसवली होती, आणि झाडून सगळी भाऊबंदकी तिथे पंगतीला बसली होती. छगनआबासुद्धा. भाऊंच्या ताटात रोट पडला. या वेळी कुणी चुळबुळलं नाही, आणि कोणत्या बाजूला उभा आहेस असंही कुणी विचारलं नाही. अक्का मात्र सुतक पाळत राहिली. तिच्या घरात फोडणीचा वास आला नाही. बाया म्हणाल्या, म्हातारीला चळ लागला.

सोमवारी सकाळी विसर्जन. कानबाई डोक्यावर, पुढे वाजंत्री, मध्ये भाऊ. ते मुद्दाम दोंडाईच्याला मुक्काम करून आले होते. कानबाईची नदीवर जायची वाट एकच, अक्काच्या शेतातून. पिढ्यान्‌पिढ्या तीच. मिरवणूक नाचत नाचत गेली आणि तारेला जाऊन थटली. एवढ्या शहाण्यांच्या कुणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

पहारेकरी म्हणाला, वरून परवानगी लागेल. अमृतनं भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी एक फोन लावला, दुसरा लावला, मग घसा साफ करून म्हणाले, "हा केंद्राचा विषय आहे." वाजंत्री थांबली. कानबाई डोक्यावर घेऊन दिपमाला, अमृतची बायको, उन्हात उभी राहिली.

अक्का कुंपणापाशी आधीच येऊन बसली होती. ती उठली. भाऊंकडे तिनं पाहिलंच नाही, मेलेल्याकडे कोण बघतं! तिनं अमृतला विचारलं, "कानबाईनी संमती लिधी व्हती का रे?"

दिपमालानं कानबाई डोक्यावरून उतरवली आणि तिथेच तारेला धरून रडायला लागली. शेवटी बायांनी कानबाई मागे फिरवली आणि गुरांच्या हौदात बुडवली.

अक्का घरी आली, सुतक फिटताना घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं आणि मला म्हणाली, "सरनं सुतक." मी विचारलं, त्याचं? ती म्हणाली, "नही रे. भाऊबंदकीनं."