एकादशीची गोळी

कुंभकोणम्‌मध्ये साठी ओलांडलेल्या माणसाला एकच आजार होतो, तो म्हणजे वायू. छातीत दुखलं तर वायू वर चढला, कंबर धरली तर खाली उतरला, आणि झोप लागली नाही तर तो नुसताच फिरतोय. माझ्या नवऱ्याचं पोट दुखायला लागलं तेव्हा समोरच्या घरापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी पोटाकडे न बघताच निदान सांगून टाकलं. कुणी ओव्याचं पाणी आणून दिलं, कुणी दिवाळीचं उरलेलं लेहियम, म्हणजे ते काळं, तिखट पाचक चाटण. अंगात उष्णता झाली असेल म्हणून बेंबीत एरंडेल घालायलाही सांगून झालं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मी मूळची साताऱ्याची. सासर म्हणजे तंजावरच्या दरबाराशी नातं सांगणारं मराठी घर. दरबार केव्हाच गेला, हाती राहिलं पितळेच्या भांड्यांचं दुकान, पण ताठा दरबाराचाच. यांची मराठी ऐकून मी नवी नवरी असताना तोंडाला पदर लावून हसायचे, कारण आमच्याकडे पणजीसुद्धा इतकं जुनं बोलत नसे. ते माझ्या मराठीला धसमुसळी म्हणायचे. ते असो. भाषेचं भांडण परवडलं, पोटाचं नको.

यांचं दुखणं पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधोमध. जेवले की जरा शांत, पोट रिकामं झालं की पुन्हा सुरू. तरी सकाळी उठल्याउठल्या पितळेच्या डबऱ्यातली, म्हणजे इथल्या पसरट वाटीतली, कडक कॉफी हवीच. कॉफीत फेस कमी की जास्त यावर अर्धा तास बोलणारा हा माणूस, पण स्वतःच्या पोटाबद्दल विचारलं की मूग गिळून गप्प. मी विचारलं की म्हणायचे, "वायू आहे. जाईल." जायला तो काय पाहुणा होता?

आता एकादशीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे साताऱ्याला एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळी, वर केळी, आणि पांडुरंगाने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. इथली तऱ्हा वेगळी. यांचं विठ्ठलाचं भजनमंडळ आहे, सगळी सत्तरीच्या आसपासची मंडळी. एकादशीला अन्नाचा कण पोटात जाऊ द्यायचा नाही, फक्त कॉफी चालते. ती का चालते, हे मी एकदा विचारलं तर सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी भजन, आणि शेवटी समई मध्ये ठेवून तिच्याभोवती फेर धरून नाचायचं. गुडघे तर सगळ्यांचे कामातून गेलेले. मग नाचणार कसे?

त्यावर भजन चालवणाऱ्या भागवतरांनी उपाय काढला होता. भागवतर म्हणजे आमचे लांबचे दीरच, आवाज खणखणीत आणि प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द त्यांचा. नाचाच्या आधी ते पिशवीतून गुडघेदुखीच्या गोळ्या काढायचे आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवत जायचे, अगदी तीर्थ दिल्यासारखं. मंडळी ती डोळ्यांना लावायची, हो, डोळ्यांना लावायची, आणि कॉफीच्या घोटाबरोबर गिळायची. औषधाने उपास मोडत नाही, असा भागवतरांचा निर्वाळा होता. आणि ज्याला एकादशीची गोळी लागू पडली, तो उरलेले दिवस मेडिकलमधून तीच आणून घ्यायचा. हे त्यातलेच. मी म्हणायचे, अहो, निदान दोन घास खाऊन घ्या. तर मी जणू यांना बाटवायलाच निघाले होते.

शेवटी एका एकादशीला, समईभोवती फिरता फिरता हे खाली बसले. आधी बसले, मग ओकले. उलटी काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. ती बघून मंडळींना केवढा धीर आला! म्हणे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, कडक झालं असणार, कॉफीच बाहेर पडली, आता बरं वाटेल. भागवतर म्हणाले, आरती तेवढी होऊ दे, मग बघू. यांचा हात मी धरला तर तो बर्फासारखा गार, ओठ पांढरे. मी आरतीला थांबले नाही. रिक्षा बोलावली, आणि वाटेत कुणी टाळ घेऊन आडवं आलं असतं तर त्यालाही मी सोडलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी तमिळमध्ये पहिलाच प्रश्न केला, की कुठल्या गोळ्या घेता. हे म्हणाले, कुठल्याच नाही. खोटं बोलत नव्हते हो. यांच्या लेखी ती गोळी नव्हतीच, प्रसाद होता. मीच मग सगळं सांगितलं, उपास, कॉफी, पिशवी, तळहात. बाईंनी मला एकच विचारलं, की शौचाला काळं होतं का. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान खाली घातली. कित्येक दिवस होत होतं, डांबरासारखं, आणि यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की शेवग्याच्या पाल्याची भाजी जास्त झाली.

पोटात व्रण झाला होता आणि त्यातून रक्त जात होतं. रिकाम्या पोटी त्या गोळीने अस्तर खाल्लं होतं. वर रक्ताची पिशवी लावली, नळी घालून आतून रक्त थांबवलं. वय झालेल्या माणसाला दुखतं कमी आणि रक्त जातं जास्त, म्हणून तो वायू वायू करत बसतो, असं बाई म्हणाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मला भीती वाटत होती. इतकी वर्षं ज्या माणसाशी रोज भांडले, तो नसेल तर मी कुणाशी बोलू, एवढंच डोक्यात होतं.

ते घरी आले. मंडळी बघायला आली आणि विठ्ठलाने वाचवलं म्हणून गेली. विठ्ठलाने कशातून वाचवलं, याबद्दल सगळ्यांचे कानांवर हात. पिशवी मात्र पूर्वीसारखीच भागवतरांच्या खांद्याला.

डॉक्टरीण बाईंची ताकीद होती की ती गोळी पुन्हा नाही आणि पोट रिकामं ठेवायचं नाही. हे ऐकून नवरा माझा भिंतीकडे तोंड करून पडला. मग म्हणाला, "उपास नाही, नाच नाही. मग माझ्यात उरलं काय?"

मी म्हटलं, "पोट उरलंय. ते आधी सांभाळा."

तोंडाने असं बोलले, पण रडू मलाही आलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या एकादशीला मीच यांना तयार केलं. धोतर, गंध, सगळं. दुकानातला मोठा डबा काढला, मऊ भात शिजवला, ताक नाही, चांगलं गोड दही घातलं, फोडणी न देता. भजनघरात यांच्यासाठी कडेला प्लास्टिकची खुर्ची ठेवायला लावली. नाचाची वेळ झाली, भागवतरांनी पिशवीत हात घातला, आणि मी डबा उघडला.

एकादशीला, विठ्ठलासमोर, भात. टाळ थांबले. यांचा चेहरा शरमेने काळवंडला आणि मला वाटलं आता हा उठून जाणार. मी वाटीत भात काढून यांच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिले. यांनी एकदा विठ्ठलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पहिला घास खाल्ला.

मला वाटलं, आता भागवतर मला उंबऱ्याबाहेर काढणार. मी उत्तर तयारच ठेवलं होतं, चांगलं साताऱ्याचं. ते खांबाला धरून धरून आमच्याकडे आले आणि यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. त्यांचा एक हात पोटावर होता, बरगड्यांच्या मधोमध, यांचा असायचा तिथेच.

"वहिनी," खणखणीत आवाजाचा तो माणूस हळूच म्हणाला, "डब्यात अजून भात आहे?"

होता. मी सगळ्यांना पुरेल एवढा आणला होता.