याकूबभाई आणि कातळावरच्या फेऱ्या

याकूबभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा बराच वेळ ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरात माझे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान चिखलात गेले होते. रत्नागिरीत काम शोधत मी त्यांच्या गॅरेजपाशी येऊन उभा राहिलो, तर त्यांनी मला हातानेच एका जुन्या गाडीत बसायची खूण केली. गाडी गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर नेली, काचा खाली केल्या, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले आणि मोकळ्या कातळावर सावकाश गोल गोल फिरवू लागले. पाऊस सरत आला होता. खळग्यांत साचलेले पाणी, त्याच्या कडेने जांभळी फुले, पलीकडे समुद्राची फिकट रेघ, सगळे आमच्याभोवती फिरत राहिले. मला पेंग येऊ लागली. माणूस भला दिसतो, पण डोके ठिकाणावर नाही, असे माझे मत झाले.

"आयकलास?" त्यांनी एकदम विचारले. मी कान दिला. चाकापाशी कटकट, कटकट असा बारीक आवाज येत होता. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या एक्सलच्या टोकाला सांधा असतो. तो झिजला की वळणावर असा वाजतो. बाजारातल्या गोंगाटात तो आवाज लपतो, कातळावर लपत नाही. म्हणून गाडी कोणाचीही असो, आधी तिला सड्यावर न्यायची, ही भाईंची रीत. परतताना ते म्हणाले, "तुला जागा पायजे ना? त्या फणसाखाली टेबल टाक." मी ते टाकले, आणि आजही ते तिथेच आहे.

भाईंचे काम मी इतकी वर्षे शेजारून पाहत आलो आहे. एका रिकाम्या दुपारी वडापची प्रवासी गाडी चालवणारा एक गृहस्थ हट्टाला पेटला होता, की अख्खा एक्सलच बदला. भाईंनी सांध्यावरचा फाटलेला रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारे आवरण, काढला, जुने ग्रीस पुसले आणि आतल्या पोलादी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "बोट फिरव. खड्डा लागतो काय? नाय ना? मग बूट बदलूया, ह्याला कशाला मारतोस?" चांगल्या वस्तूला भंगारात टाकणे त्यांना मनापासून दुखते. त्या गृहस्थाने नंतर आपल्या सगळ्या भावकीच्या गाड्या इथे आणल्या.

मात्र भाई चुकतच नाहीत, असे लिहिले तर तेच मला ओरडतील. सांधा ठोकून बसवण्याआधी बूट एक्सलवर चढवावा लागतो, नाहीतर सगळे पुन्हा उतरवणे आले. माझ्याशी गप्पा मारण्याच्या नादात भाईंनी हा बूट कितीदा तरी बाहेरच विसरला आहे. मग दोष माझ्यावर. "तुज्या तोंडानं घात केला," म्हणत ते हसत हसत पुन्हा सगळे खोलायला बसतात.

गेल्या वर्षी त्यांचे कान गेले. डॉक्टरांनी मशीन दिले, पण त्यातून हातोडा, हॉर्न आणि माझी बडबड एकाच सुरात येते, अशी त्यांची तक्रार. त्याच दिवसांत मालगुंडच्या सुमनताई आपली जुनी लाल गाडी घेऊन आल्या. त्या निवृत्त परिचारिका. वाड्या-वाड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायला त्या अजून त्याच गाडीने जातात. आम्ही दोघे सड्यावर गेलो. गाडी मी फिरवत होतो, भाई डोळे मिटून, पायाखालच्या पत्र्याला हात लावून शेजारी बसले होते. वाऱ्याने गवत एकाच बाजूला निजले होते. बऱ्याच फेऱ्यांनंतर ते म्हणाले, "डावा."

"भाई, मला उजवीकडून येतोय."

"तू तुजे दिवे बग."

डावा सांधा खोलला. बूट शाबूत, गोळ्या लखलखीत. भाईंनी नवे ग्रीस भरून तो पुन्हा बंद केला, कानातले मशीन काढून खिशात टाकले आणि टायरवर बसून राहिले. "ताईंना सांग, दुसरीकडं न्या गाडी. कान गेले, काम गेलं. गॅरेज बंद करूया."

मला राग आला. "कान तुमचे गेलेत, माझे नाहीत! सड्यावर मी ऐकीन, खोलायचं तुम्ही. मला सांधा बसवता आला असता, तर फणसाखाली दिवे लावत बसलो असतो काय?"

"काय म्हंतोस?"

मशीन खिशात होते. तेच सगळे मला पुन्हा ओरडून सांगावे लागले, आणि ओरडता ओरडता रडू आले.  भाई उठले. "रडतोस कशाला? पाना दे."

उजव्या सांध्याचा बूट फाटला होता, ग्रीसमध्ये लाल माती शिरली होती, गोळ्यांना खड्डे पडले होते. भाईंनी नवा सांधा बसवला. बूट आधी चढवला.

सकाळी आम्ही सुमनताईंची गाडी पुन्हा सड्यावर नेली. धुक्यात समुद्र दिसत नव्हता, फक्त एक चंडोल कुठेतरी वर गात होता. मी गाडी दोन्ही बाजूंना फिरवली. भाई समोर नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मान हलवली: आवाज नाही. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून जरा फिरव."

तेव्हापासून आमचे असेच चालले आहे. भाईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली. त्यांना उदंड आयुष्य आणि हातांत असेच बळ मिळो, आणि जितकी वर्षे त्यांचे हात चालतील तितकी माझे कान शाबूत राहोत.