बाबांचा टीबी

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता, पण आमच्या बुधवारा मोहल्ल्यात सगळ्यांना आम्ही टीबी सांगितला होता. बाबांनाही. हे दादाने ठरवलेलं. "टीबीवाला बरा होतो. आशा तर राहील," तो म्हणायचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. यंत्रमाग कामगारांसाठी बाबा पत्रकं लिहायचे, अक्षरं मी त्यांवरच गिरवली. माणसाला स्वतःबद्दलचं खरं कळायलाच हवं, यावर मी दादाशी भांडायचे. आई रडायला लागली की भांडण थांबायचं.

बाबांनी मात्र टीबी मनापासून पाळला. ताट-ग्लास वेगळं केलं, ते स्वतःच घासू लागले. दादाची चार वर्षांची मुलगी जवळ आली की तोंडाला गमछा लावून म्हणायचे, "तिथूनच बोल, बेटा." ती उंबऱ्यावर बसून बोलायची. मग यायचीच बंद झाली.

पहिल्या औषधाने गाठ काही महिने थांबली, पुन्हा वाढली. इंदूरच्या डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावलं. आता दोन औषधं एकत्र द्यावी लागतील, म्हणाले. आजार जाणार नाही, थोडा काळ थोपवता आला तर येईल, आणि त्रास आधीपेक्षा जास्त. "लेना है कि नहीं, उनसे पूछिए."

बाहेर दादा म्हणाला, "तू सांगितलं तर खचतील ते."

"आणि उलट्या कशासाठी सोसायच्या, ते कोण सांगेल? तू?"



घरी येऊन मी बाबांसमोर बसले. सगळं सांगितलं. नको म्हणालात तरी चालेल, हेही. ते चिडतील म्हणून मी तयारीतच होते.

त्यांनी विचारलं, "म्हणजे हे कुणाला लागत नाही?"

"नाही."

"उष्टं खाल्लं तरी?"

"नाही, बाबा."

त्यांनी दाराशी उभ्या दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते. "रडतो काय, येड्या. पोरीला आण."

ती आली आणि उंबऱ्यावरच थांबली. बाबांनी गमछा बाजूला ठेवून हात पुढे केले.

"आजोबा, कट्टी खतम?"

"खतम."

ती मांडीवर चढली. तिच्या केसांत नाक खुपसून ते कितीतरी वेळ बसले. मग तिला न सोडता मला म्हणाले, "इंदूरला कळव, दोन्ही औषधं घेतो म्हणावं. उलट्या होतील त्या दिवशी हिला शेजाऱ्यांकडे पाठवा. बाकीच्या दिवशी नाही."